उजवीकडचे शेजारी

आई होती तोवर मी रोज सकाळी आठ वाजता भोपाळला फोन करायची. पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात मला साडेनऊला पोचायचं असतं, त्याआधीची ही दहा मिनिटं आईची. फोन तीच उचलायची, पण माझ्याशी बोलण्याआधी मान वळवून बाबांना विचारायची, "काय हो, शेजारी उठले का?"

मागून बाबांचा आवाज यायचा. "डावीकडचे उठले. उजवीकडचे अजून झोपलेत."

"झोपू द्या. चहा मी धरते." मग माझ्याशी, "हं, बोल."

दीड वर्ष तरी मी हे ऐकत होते. कधी उत्तर यायचं, "दोघंही गाढ आहेत." कधी, "डावीकडचे डोळे चोळतायत," आणि त्यावर आई हसायची. निवृत्तीनंतर माणसं दुसऱ्यांच्या दारांवर लक्ष ठेवायला लागतात, त्यातलाच हा प्रकार असं मी समजून होते. एकदा मी तिला म्हटलंही, "लोक कधी उठतात याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"करायचंय बाई," ती म्हणाली. "आमचं सगळं त्यांच्यावाचून अडतं."

पाण्याच्या मोटरचं बटण त्यांच्याकडे असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आणि पुढचं बोलू लागले.

आई ऑक्टोबरात गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. सगळं आटोपल्यावर मी आणि मंदार, माझा भाऊ, तिथेच हॉलमध्ये बसून बाबांचं काय करायचं ते बोललो. तो बंगळूरला असतो. बाबा पंचाहत्तरीला आलेले, त्यांना एकटं ठेवायचं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बाबा ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "मी पाच वर्षांचा असताना या गावात आलो. नागपूरची ऑफिसं इकडे आली, त्यांच्याबरोबर आमचे वडील. आता कुठे जाऊ?" तेव्हा तो विषय तिथेच राहिला. पण फेब्रुवारीत मंदार मला म्हणाला, "तू पंधरा दिवस राहून बघ. जमत असेल तर राहू दे. नसेल तर पुण्याला घेऊनच ये."

मी बिट्टन मार्केटजवळच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची बेल वाजवली, तेव्हा दार उघडायला बराच वेळ लागला. आतून कडीशी खटपट ऐकू येत होती. तोवर मी जिन्यातल्या चौकात उभी राहून बघत होते. डावीकडे शैलेंद्र तिवारींचं दार, बाहेर चपलांचा ढीग. उजवीकडे कुलूप. कडीत खोचलेली विजेची बिलं पिवळी पडली होती.

दार उघडलं. "परीक्षक आले," बाबा म्हणाले.

"गुप्ता कुठे गेले?" मी चपला काढत विचारलं.

"इंदूरला. मुलाकडे. बरेच दिवस झाले." आणि मग जरा थांबून, "नेलं त्यांना मुलानं."

घर स्वच्छ होतं. मनोरमा, सकाळी दहाला येऊन केर-भांडी आणि स्वयंपाक करून जाणारी बाई, आईच्या वेळचीच. फ्रिजच्या, कपाटांच्या मुठींना आईनं ब्लाउजच्या कापडांचे जाड फासे बांधून ठेवले होते. हिरवा, मोरपंखी, एक जरीकाठाचा. तिला उरलेलं कापड टाकवायचं नाही, म्हणून असेल. बाबा टी-शर्टात होते. सार्वजनिक बांधकाम खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन असलेला हा माणूस, इस्त्रीच्या बुशशर्टाशिवाय दूध आणायलाही जात नसे.

"शर्ट नाही घालत हल्ली?"

"कुणासाठी घालू?" ते म्हणाले. दुःखातल्या माणसाला असं उत्तर देता येतं, आणि ऐकणाऱ्याला त्यापुढे जाता येत नाही.

पहिले तीन दिवस ते सकाळी साडेनऊपर्यंत खोलीबाहेर आले नाहीत. "पेपर वाचत होतो," म्हणायचे. पेपर दाराशी तसाच दुमडलेला असायचा. चौथ्या दिवशी मला सहालाच जाग आली, स्वयंपाकघरात दिवा होता. ओट्यावर दुधाची पिशवी पातेल्यात उभी. बाबांनी कात्री दोन तळव्यांच्या मध्ये धरली होती, बोटांत नव्हे, आणि पिशवीचं टोक तिच्या पात्यांत आणायचा प्रयत्न करत होते. पाती मिटत नव्हती. मग त्यांनी वाकून पिशवीचं टोक दातात धरलं.

मी आत गेले.

"काय पाहून राहिली?" ते म्हणाले. असा नागपुरी सूर ते चिडले की लागतो.

"द्या, मी तापवते."

"मला येतं."

"माहीत आहे." मी कात्री घेतली. त्यांचे हात मी पहिल्यांदाच नीट पाहिले. बोटांची मुळं फुगून दोन बोटांमधल्या खळग्या बुजल्या होत्या. उजवं मनगट वरून गोल झालं होतं. मूठ वळत नव्हती, बोटं काहीतरी धरायला निघाल्यासारखी अर्ध्यावर थांबली होती.

"कधीपासून?"

"ती गेल्यापासून." ते स्टुलावर बसले. "दाखवलंय मी. तपासणी पण झाली. गठिया, म्हणजे आमवात, नाही म्हणाले. निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाला, अंकल, उम्र है और ग़म है. दोन्हीवर औषध नाही." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ समाधान होतं.

मला ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे. दुःख अंगात शिरून बसतं असं मी आयुष्यभर वाचत आले आहे, आणि त्या चार महिन्यांत माझीही पाठ धरली होती. आईच्या जाण्यानं बाबांचे हात मिटेनासे व्हावेत यात मला एक प्रकारचा न्याय दिसत होता. तिच्यासाठी कुणाचं तरी काहीतरी थांबायलाच हवं होतं.

ते मोडलं तिवारींनी. त्याच संध्याकाळी जिन्यात भेटले. "दीदी, अंकल के हाथ किसी जोड़वाले डॉक्टर को दिखाइए. मेरी बुआ का हूबहू ऐसा था. आंटी थीं तो पता नहीं चलता था."

आंटी थीं तो. म्हणजे आई असतानाही होतं.

बाबांनी आधी ऐकून घेतलं नाही. मग म्हणाले, "ठीक आहे. दाखवू. पण त्या डॉक्टरनंही काही नाही म्हटलं, तर पुण्याचा विषय बंद. कायमचा."

"आणि काही आहे म्हटलं तर?"

"रिपोर्ट निगेटिव्ह आहे, शरू," ते म्हणाले. तेव्हा मला कळलं की ते भीत होते. हात दुखण्याला ते भीत नव्हते. दूध तापवता येत नाही हे एकदा कुणी कागदावर लिहिलं, की गुप्तांसारखं त्यांच्याही दाराला कुलूप लागणार होतं.

सांध्यांच्या डॉक्टर नाहीद यांचा दवाखाना टी. टी. नगरला, आम्ही लहानपणी ज्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तिथून दोन गल्ल्यांवर. वेळ दुपारी चारची बाबांनीच मागून घेतली. जेवल्यावर त्यांनी आधीच्या डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घेतली आणि बुशशर्ट घातला. बटणं त्यांनी लावली, दार बंद करून, पंचवीस मिनिटं.

डॉक्टर नाहीद माझ्याच वयाच्या, पन्नाशीजवळच्या. ओढणी खांद्यावर पिननं लावलेली. त्यांनी आधीचे कागद पाहिले, बाजूला ठेवले आणि बाबांचे हात स्वतःच्या हातांत घेतले. एकेक सांधा अंगठ्यांनी दाबत गेल्या, पिकलं की नाही ते बघायला फळ दाबतात तसं. मग सगळी बोटं एकत्र धरून पंजा बाजूंनी हलकेच आवळला. बाबांच्या पापण्या हलल्या. तोंड हललं नाही.

"दर्द हुआ?"

"नहीं तो."

"गोली कब ली?"

"खाने के बाद. एक."

"अच्छा. मतलब आधी सूजन गोली ने छुपा ली," त्या म्हणाल्या. "और बाकी आधी आप छुपा रहे हैं?"

बाबा हसले. मला त्या बाई आवडल्या.

त्यांनी टेबलावरचा कागद ओढून दोन बोटांची हाडं काढली, मध्ये फट ठेवून. सांधे दुखण्याचे मोठे प्रकार दोन, त्यांनी सांगितलं. एकात सांधा झिजतो. तो सकाळी पाच-दहा मिनिटं आखडतो आणि कामानं जास्त दुखतो. दुसऱ्यात सांध्याच्या आत जी झिल्ली असते ती सुजते.

"झिल्ली?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"अस्तर," मी म्हटलं. "ब्लाउजला असतं तसं."

"हां, अस्तर," डॉक्टर म्हणाल्या. "अस्तर सूज गया तो सुबह हाथ घंटा-घंटा, दो-दो घंटे नहीं खुलता. फिर काम करते-करते खुल जाता है. शाम को आदमी कहता है, मैं तो ठीक हूँ." त्यांनी पेन ठेवलं. "दोनों का इलाज अलग है. दूसरेवाले में देर की तो सूजन हड्डी को खाने लगती है. और खून की जाँच इसमें हर किसी की पॉज़िटिव नहीं आती. इसलिए मैं घड़ी पूछती हूँ. सुबह उठने के बाद मुट्ठी बंद होने में कितना वक़्त?"

"पाँच-सात मिनट," बाबा म्हणाले.

"रोज़?"

"कभी दस."

"कब से?"

"चार महीने. वाइफ़ के जाने के बाद."

त्यांनी लिहिलं. मग पुन्हा त्यांच्या मनगटावर अंगठा ठेवला आणि तिथेच ठेवून विचार करत राहिल्या. "हाथ कुछ और कह रहा है," त्या म्हणाल्या. "सुबह आपको देखता कौन है? घर में साथ कौन रहता है?"

"अब कोई नहीं."

"पहले तो होंगी वो. वो क्या कहती थीं?"

बाबांनी मान हलवली. त्यांचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता, डावा त्याच्यावर.

ती काय म्हणायची. खोलीत पंखा फिरत होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार. आणि मला कडीत खोचलेली पिवळी बिलं दिसली. उजवीकडच्या दाराला कुलूप होतं. बरेच दिवस झाले, बाबा म्हणाले होते. मग रोज सकाळी आठ वाजता तिथे झोपलेलं कोण असायचं?

मी लगेच बोलले नाही. बोलले तर काय होणार ते मला माहीत होतं. बाबांनी गोळी घेऊन, बटणं लावून, चारची वेळ मागून जे उभं केलं होतं ते मी त्यांच्यासमोर पाडणार होते. आणि पुण्याचा विषय उघडा राहणार होता. गप्प राहिले असते तर आम्ही दुखण्याची आणखी एक गोळी घेऊन घरी गेलो असतो आणि ते जिंकले असते.

"बाबा," मी म्हटलं, "उजवीकडचे म्हणजे कोण?"

त्यांनी वर पाहिलं.

"डावीकडचे उठले, उजवीकडचे झोपलेत. कोण झोपलेलं असायचं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. रोज आठ वाजता. मला कळलं नाही."

डॉक्टर आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. मराठी त्यांना थोडं समजत असावं. "पड़ोसियों का क्या मामला है?"

बाबांनी उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला, एखादी वस्तू जमा करावी तसा. "ये," ते म्हणाले. "ये दाएँवाले पड़ोसी हैं." मग मराठीत, माझ्याकडे न बघता, "गुप्ता गेले त्याच आठवड्यात. सकाळी उठलो तर उजवी मूठ वळेना. मी म्हटलं, शालिनी, उजवीकडचेही गेले बुवा. ती इतकी हसली. मग तेच नाव पडलं."

मी डॉक्टरांना हिंदीत सगळं सांगितलं. फोन, आठ वाजता, दीड वर्ष. सांगताना माझा आवाज नीट होता. त्यांनी हसू दाबलं नाही, पण ते लवकर मावळलं.

"तो अंकल," त्या म्हणाल्या, "अब सच बताइए. बाएँवाले कितने बजे उठते हैं?"

"आठ."

"और दाएँवाले?"

"नौ. कभी साढ़े नौ."

"और आप खुद?"

"साढ़े पाँच. चौंतीस साल की आदत है."

त्यांनी आधी लिहिलेलं खोडलं आणि बाजूला लिहिलं. मी उलटं वाचलं. साढ़े तीन घंटे. क़रीब दो साल.

सोनोग्राफीचं यंत्र पडद्यामागेच होतं. त्यांनी मनगटावर जेल लावलं आणि त्यावरून एक छोटा ठोकळा सरकवू लागल्या. यंत्राच्या पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी हलत होतं. मला ढगांशिवाय काही दिसलं नाही. बाबा मात्र पुढे झुकले. चष्मा कपाळावरून खाली ओढला, तळहातानं.

"सेक्शन है ये," ते म्हणाले.

"जी?"

"क्रॉस सेक्शन. कलाई काट के बाजू से देख रहे हैं. मैं ड्राफ्ट्समन था, पी.डब्ल्यू.डी. में." त्यांनी वाकडं बोट पडद्याकडे नेलं. "ये सफ़ेद लाइन हड्डी?"

"हड्डी."

"और इसके ऊपर ये काली पट्टी? ये इतनी मोटी क्यों है? यहाँ तो बारीक लाइन चाहिए. पॉइंट टू के पेन की जगह किसी ने पॉइंट एट चला दिया."

डॉक्टर नाहीद यांचा हात थांबला. "अंकल, यही है," त्या म्हणाल्या. "यही अस्तर है और यही बीमारी. मैं अपने स्टूडेंट्स को इतना साफ़ नहीं समझा पाती."

त्यांनी एक बटण दाबलं. काळ्या पट्टीत नारिंगी ठिपके चमकू लागले, विझत, पुन्हा पेटत. तिथे रक्त धावतंय, म्हणजे सूज जुनी आणि थंड नाही, आत्ता जागी आहे, असं त्यांनी सांगितलं. मग दुसरं मनगट, बोटांची मुळं. सगळीकडे ती जाड रेघ. हाडाला एका जागी बारीक खाच पडली होती, एकाच. "यह देर का निशान है," त्या म्हणाल्या. "पर बहुत देर नहीं हुई."

सांध्याच्या अस्तराची सूज. आमवाताचाच प्रकार, रक्तात न दिसणारा. त्या लिहीत होत्या. काही तपासण्या, मग एक पिवळी गोळी, आठवड्यातून फक्त एकदाच. "फक्त" खाली त्यांनी दोन रेघा मारल्या. परिणाम दिसायला आठ-दहा आठवडे. बाबा जेल पुसत होते. डाव्या हातानं उजवा, मग उजव्यानं डावा. ते संपेचना.

"तो ये ग़म से नहीं है?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "ग़म अपनी जगह है, अंकल," त्या म्हणाल्या. "उसको मैं कुछ नहीं कह रही. ये अलग चीज़ है. इसकी दवा है."

बाबांनी मान डोलावली. पण त्यांच्या हातून काहीतरी काढून घेतल्यासारखे ते दिसत होते, आणि मला वाटतं मीही तशीच दिसत असणार.

जवाहर चौकात औषधं घेतली. रिक्षा लगेच घ्यावीशी वाटेना, म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीच्या बाकावर चहा घेऊन बसलो. बाबांनी ग्लास दोन तळव्यांत धरला. आता लपवायचं कारण नव्हतं.

"बोललीस तू," ते म्हणाले.

"हो."

"आता नेशील."

माझ्या मनात वेगळंच होतं. "आईनं मला सांगितलं का नाही?"

"मी शपथ घातली होती. मुलांना कळता कामा नये."

"म्हणून दीड वर्ष ती तुमच्या बटणांपासून सगळं करत होती आणि मला म्हणत होती, इकडे सगळं छान."

"फासे तिनंच केले. मुठीत मनगट अडकवायचं नि ओढायचं, की दार उघडतं. सकाळी गरम पाण्याचं घमेलं आणायची." त्यांनी घोट घेतला. "पण शपथ तिनं पाळली असं नाही म्हणता येणार. फोनवर विचारायची की रोज. मी म्हणायचो, अगं फोन ठेव नि मग विचार. ऐकायची नाही. म्हणायची, असू दे. एक दिवस शरू विचारेल, उजवीकडे कोण राहतं गं."

रस्त्यापलीकडे एक माणूस हातगाडीवरचे पेरू पुसून पुन्हा रचत होता. मी आयुष्यभर पुस्तकांत ओळींमधलं वाचत आले, आणि दीड वर्ष रोज सकाळी एक वाक्य माझ्या कानाशी धरलं जात होतं.

बाबांनी कोपरानं माझ्या दंडाला हलकेच ढोसलं. "ती रागावली नव्हती तुझ्यावर. म्हणायची, पोरगी घाईत असते."

चहा संपला. मी ग्लास परत दिले आणि येऊन बसले. "दहा आठवडे," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाल्या ना, आठ-दहा. तोवर मनोरमा सातला येईल, दहाला नाही. दूध, चहा, बटणं. गोळीचा वार तुम्ही ठरवा. महिन्यानं रक्ततपासणीला मी येईन. मग बघू."

"आणि मंदार?"

"त्याला मी सांगते."

"परीक्षकांचा निकाल काय मग? नापास?"

"राखून ठेवलाय," मी म्हटलं.

ते चौकाकडे बघत म्हणाले, "गुरुवार. हाटाचा, भाजीबाजाराचा दिवस आहे, विसरायला होणार नाही."

मंदारला मी त्याच संध्याकाळी फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे आजार आहे हे कळल्यावर आपण त्यांना एकटं ठेवायचं? उलटं नाही का हे?" मी म्हटलं, उलटंच आहे. वय आणि दुःख असतं तर घेऊन आले असते.

पुण्याला परतल्यावर मी पुन्हा आठ वाजता फोन करू लागले. डॉक्टरांनी रोजची वेळ लिहायला सांगितली होती. बाबांनी मोठ्या कागदावर तक्ता आखला आणि दर रविवारी त्याचा फोटो पाठवायला सुरुवात केली. तारीख, डावे, उजवे. पहिल्या आठवड्यातली अक्षरं पाहवत नव्हती. ज्या माणसाच्या नकाशांवरची अक्षरं लोक छापील समजायचे, त्याची. उजव्याखाली ९.१०, ९.२५, ९.००. पाचव्या आठवड्यात एकदा ८.१५ आलं आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा ९.२०. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, रात्रभर पंखा चालू राहिला होता.

फोनवर मी विचारायची, "किती वाजता?" ते वेळ सांगायचे. जुना प्रश्न माझ्या तोंडून येईना. तो तिचा होता, आणि ऐकायचा तेव्हा मी तो ऐकला नव्हता.

मेच्या सुरुवातीला एका सकाळी मी विचारलं, "किती वाजता आज?" तर बाबा म्हणाले, "काय गं हे. दवाखान्यात फोन केल्यासारखं. नीट विचार ना."

"नीट म्हणजे?"

"ती विचारायची तसं."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. गॅसवर माझा चहा होता. मी तो बंद केला.

"बाबा," मी म्हटलं, "शेजारी उठले का?"

"डावीकडचे सहालाच उठले." पलीकडे काहीतरी खरखरलं, प्लॅस्टिकसारखं. मग कात्रीचा आवाज आला, एकदाच, आणि पातेल्यात धार पडत गेली.

"आणि उजवीकडचे?"

"थांब जरा," बाबा म्हणाले. "उजवीकडचे दूध तापवतायत."